मुशीचा गुण

पुलाच्या उतारावर वहिनी थांबली, चप्पल काढून झटकली आणि परत पायात घातली. खडा नव्हताच. तिला नुसतं थांबायचं होतं. आमची बस मागे गोदामांच्या रस्त्यावर बंद पडली होती. ड्रायव्हर म्हणाला, "मागची येईलच," पण तो स्वतःच पाय पसरून डबा उघडून बसला, तेव्हा काय समजायचं ते आम्ही समजलो आणि चालू लागलो. मी डोळे तपासायला वहिनीच्या प्रयोगशाळेच्या बाजूला गेले होते, म्हणून परतताना दोघी सोबत होतो.

"दमलीस का गं?" मी विचारलं.

"दमायला काय झालंय? मी घरातून निघते तीच दमलेली असते," ती म्हणाली. "चल, बसले तर उठायची नाही."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचे वडील औषधाच्या दुकानात चूर्ण खलून पुड्या बांधायचे. दुकानाच्या ओट्यावर बसून तिनं लहानपणी तो खल पाहिला, आणि पुढे एवढं शिकली तरी हातातला खल काही सुटला नाही. नवे पदार्थ तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत ती संशोधक आहे. करार वर्षावर्षाचा. तो वाढायचे दिवस आले की वाढेपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही.

तिचं काम मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. मोबाइलच्या बॅटरीत एक द्रव असतो. तो फार तापला तर पेट घेतो. त्याच्या जागी चिनीमातीच्या भांड्यासारखी पक्की, घट्ट चकती बसवता आली आणि तिच्यातून लिथियमचे कण विनाअडथळा गेले, तर बॅटरी पेटायचं कारण उरत नाही. जगभर माणसं या कामाच्या मागे लागली आहेत. वहिनी पांढऱ्या भुकट्या तोलते, अकीक दगडाच्या खलात खलते, दाबून चकती करते आणि मुशीत ठेवून भट्टीत भाजते. मूस म्हणजे भट्टीची आच सोसणारी वाटी. हल्ली म्हणे संगणकच सांगतो, हे अमुक त्या तमुकात मिसळून बघा. एका दुपारी हजारो पदार्थ सुचवतो.

"सुचवायला त्याचं काय जातं?" वहिनी म्हणते. "सासूसारखा आहे मेला. सुचवून मोकळा. भाजायला मी."

आई तिथंच बसलेली असते. तीही काही कमी नाही. "भाज हो, भाज. तिकडे चकत्या भाज आणि इकडे दूध उतू घालव." पण हीच आई जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगते, "आमच्या सुनेची बॅटरी पेटत नाही!" अजून बॅटरी झालेलीच नाही, नुसती चकती आहे, हे तिला सांगून आम्ही थकलो.

त्या चकतीचं दुखणं असं, की तापलेली असते तोवर कणांना वाट देते आणि निवली की आतली मांडणी ढासळून वाट बंद. मागच्या वर्षी वहिनीची चकती निवल्यावरही तशीच राहिली. पुन्हा केली, पुन्हा राहिली. सरांनी, म्हणजे तिच्या गटाच्या प्रमुखांनी, कारण शोधलं: वहिनी भट्टी फार सावकाश निववते, म्हणून मांडणी टिकते. त्यावर लेख झाला, स्वीकारलाही गेला. त्या दिवशी वहिनी घरी आली ती गुणगुणत. एवढ्या वर्षांत मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

मग जुन्या मुशी आतून अगदी खडबडीत झाल्या म्हणून प्रयोगशाळेनं चांगल्या, महागातल्या नव्या मागवल्या. आणि चकत्या लागेनाशा झाल्या; निवल्या की पुन्हा वाट बंद. वहिनी आधी म्हणाली खलणंच कमी पडतंय. मग म्हणाली हवा दमट आहे. मग काहीच म्हणेनाशी झाली. ताटावर बसायची आणि घास हातात धरून भिंतीकडे बघायची. दादा म्हणायचा, "अगं, भिंत काय सांगतेय?" तर उठून जायची. मी रोज सकाळी देवाचं नाव घेते, त्यात तिच्या चकतीचंही घेत होते. चकती म्हणजे काय हे देवाला समजावून सांगितलं नाही. त्याला माहीत असेल असं धरून चालले.

पूल उतरून आम्ही टायरच्या बंद दुकानांच्या ओळीशी आलो, तेव्हा ती आपण होऊन बोलली.

"चिमे, आज तपासणीचा निकाल आला. त्या चांगल्या चकतीत ॲल्युमिनियम निघालं."

पन्नाशी आली तरी घरात मी चिमीच आहे. "मग? घातलं असशील."

"मी नाही घातलं."

"मग कुणी घातलं?"

"मुशीनं." ती दुकानाच्या पायरीवर बसली. बसायचं नाही म्हणाली होती ती. "जुन्या मुशीतच ॲल्युमिनियम असतं. भट्टीत माझी चकती ती मूस कुरतडत होती आणि कुरतडलेलं पोटात घेत होती. त्या चिमूटभरानं मांडणी धरून ठेवली. सावकाश निववणं-बिववणं काही नाही. नव्या मुशी कुरतडल्या जात नाहीत, म्हणून सगळं मेलं."

"म्हणजे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या..."

"वाण नाही, पण गुण लागला," तिनं पुरं केलं आणि हसली. हसता हसता डोळे पुसले. "एवढंच लिहायला हवं होतं बघ लेखात. पानंच्या पानं भरली उगाच."

"पण मग चांगलंच झालं की! कारण सापडलं."

"सापडलं. पण लेखात काय आहे? भुकटीत दुसरं काहीही मिसळलेलं नाही. ते वाक्य माझं आहे. मूस मीच घासत होते, चिमे. आत खड्डे पडलेले रोज दिसायचे. म्हणायचे, मूस आहे, झिजणारच. झिजून गेली कुठं, हे काही मी विचारलं नाही."

मी तिच्या शेजारी टेकले. समोरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला. तो गेल्यावर मी विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"त्यांच्या दारापर्यंत गेले. उद्या दुपारी ते परिषदेला निघताहेत. भाषणाची चित्रं लावत होते. मला म्हणाले, ये ये, तुझ्या भट्टीचा फोटो पहिलाच टाकलाय. मी म्हटलं, छान आलाय. आणि परत फिरले."

"मग ते आल्यावर सांग."

"आल्यावर सांगणं म्हणजे न सांगणंच. तोवर शंभर जणांनी ऐकलेलं असेल. सांगितलं तर लेख मागे घ्यावा लागेल, भाषण पडेल, आणि पुढच्या महिन्यात माझा करार आहे. सर वाईट नाहीत. पण तोंडघशी पडल्यावर कुणाला जवळचं माणूस आठवतं?"

"दादाशी बोललीस?"

"तो म्हणेल, तुला पटेल ते कर. आणि रात्रभर कूस बदलत राहील."

मी म्हटलं, "देव बघतोय, वहिनी."

"त्याला बघू दे गं. त्यानं बघून भागत नाही ना, सरांनी बघायला हवं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "न सांगता राहता येईल, तसं. फक्त एकच गोष्ट खुपते. तो लेख वाचून कुठंतरी माझ्यासारखीच एखादी भट्टी निववत बसेल. सावकाश, आणखी सावकाश. चकती लागणार नाही, आणि ती म्हणेल माझंच काहीतरी चुकतंय. घास हातात धरून बसेल. ते मी बसून पाहिलंय."

ती पायरीवरून उठली. उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला आणि पुढे बराच वेळ तो तसाच ठेवून चालली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. वरच्या खिडकीत आईची सावली दिसत होती. वहिनीनं मला कोपऱ्यावर थांबवलं.

"चिमे, एक करशील?"

"बोल ना."

"उद्या मला उठव. मी म्हणेन डोकं दुखतंय, अंग मोडलंय. खरंच मोडलेलं असेल, तरी ऐकू नकोस. आणि माझ्याबरोबर सरांच्या खोलीपर्यंत ये. बाहेर शिपाई विचारेल, तर नणंद आहे म्हणून सांग. मी तिथून वळायला लागले तर मला काही म्हणू नकोस, धरू नकोस. तू फक्त दार वाजव. एकदा वाजलं की आत जावंच लागेल मला. पुढचं मी बोलते."