नाकावुंदेचा पाला

मासाका शहराकडच्या त्या गावात कुणाला बाळ झालं की पहिला निरोप म्हाताऱ्या नाकावुंदेला जायचा, बाळंतिणीच्या आईला दुसरा. यावरून एकदोन विहिणी रुसल्याही होत्या. बाळाच्या न्हाणाच्या पाण्याला तिथे क्योगेरो म्हणतात, आणि त्यात पाला लागायचा तो हिनेच खुडलेला. हा पाला कुणी लावत नाही. कॉफीच्या मळ्यांच्या कडेला तण म्हणून माजतो, तोच. त्यातला उग्र वासाचा बोंबोचा वेल म्हातारीचा फार लाडका. पुरळ असो की खरूज, तिचा हात फिरला की चार दिवसांत कातडी नितळ व्हायची.

पाला खुडायला निघालं की तो पाण्यात पडेपर्यंत बोलायचं नाही आणि हाकेला वळायचं नाही, नाहीतर त्याचा गुण जातो. चाळीस वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता. शेजारच्या सेंपालाला यात भारी मजा वाटे. "जाजा, तुझ्या घराला आग लागलीय गं!" तो ओरडायचा; जाजा म्हणजे आजी. म्हातारी ढिम्म. पाला पाण्यात पडला की मात्र कुंपणापाशी येऊन त्याला शिव्यांची लाखोली वाहायची.

तिच्या एकुलत्या एका मुलाला लेक झाली. बावीस दिवसांची असताना तिच्या गळ्याखाली पुरळ उठलं.

"आई, दवाखान्यात नेऊ या का?" सून नामुद्दूने विचारलं.

"एवढ्याशा पुरळाला? गावभरची पोरं न्हाऊ घातली मी, नि माझी नात दवाखान्यात?"

सकाळीच तिने सेंपालाच्या मळ्याकडेचा बोंबो खुडला. परतताना तो दारातून ओरडला, "जाजा, टाक तो पाला! काल तणनाशक मारलंय तिथं!" ती चालत राहिली.

दुपारपर्यंत पोरीचं अंग भाजल्यासारखं सोलवटलं. दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी तिने प्राण सोडला.

तिला मातीआड करून माणसं अंगणात बसली होती. सगळ्यांचा राग सेंपालावर निघाला. "विष मारलंस, मग सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं होतं रे. हाक मारली होती मी."

जन्मभर चेष्टा करणाऱ्याचं कोण खरं मानणार? आणि त्या सकाळी वाटेवर तिसरं कुणी नव्हतं. नाकावुंदेने नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी सारं त्याच्या माथी गेलं असतं.

"आई, याने हाक मारली होती?" नामुद्दूने विचारलं.

"मारली होती. शब्द न् शब्द ऐकला मी." म्हातारी म्हणाली. "चेष्टा वाटली. खरं असेल, असंही एकदा मनात आलं बाई. पण वळले तर गुण जाईल म्हणून वळले नाही."

सेंपालाच तेवढा हुंदके देऊन रडला.

त्यानंतर तिने कुणाच्या बाळाला हात लावला नाही. दोन वर्षांनी नामुद्दूला मुलगा झाला. तिने स्वतः पाणी तापवलं आणि बाळ घेऊन सासूसमोर येऊन बसली.

"नुसतं पाणी आहे, आई. तुम्ही घाला न्हाऊ."

म्हातारीने दोन्ही हात अंगावरच्या कापडाखाली घेतले.

"तू घाल," ती म्हणाली. "मी इथूनच बघते."