अप्पांच्या खोलीतला प्रिंटर

अप्पांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एका वेलांटीवरून. सकाळी त्यांनी एस.टी.च्या गैरसोयीबद्दल लिहिलेलं एक पत्र माझ्या प्रिंटरवर काढलं होतं. नेहमीप्रमाणे मी ते त्यांच्या खोलीत नेऊन दिलं. त्यांनी चष्मा सावरून ते वाचलं, 'नियमित'मधल्या दुसऱ्या वेलांटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुझा प्रिंटर दीर्घ काढतो." पत्र टाइप त्यांनीच केलं होतं. मी माझ्या खोलीत परत आले. ते पत्र टाकायला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टाच्या पायऱ्यांवर खाली बसले, ते उठलेच नाहीत. माझा नवरा, सुहास, कारखान्यातून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचा फोन आला, "अप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी एका लग्नपत्रिकेचं काम करत होते. आधी फाइल सेव्ह केली आणि मग उठले. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

माझ्या सासऱ्यांविषयी मी लिहायला नको, असं घरात बऱ्याच जणांचं मत आहे. मीही लिहिणार नव्हते. पण तेराव्यानंतर महाडात जी शोकसभा झाली, तिथे त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी भाषण केलं. म्हणाले, "ज्या काळात लोक सुनेला उंबऱ्याबाहेर पाठवत नव्हते, त्या काळात या माणसाने सुनेला स्वतः कॉम्प्युटर शिकवला, घरात नेटवर्क बसवलं, तिला पायावर उभं केलं." लोकांनी माना डोलावल्या. दोन बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी डोळे पुसते की काय म्हणून. त्यांचा 'तो काळ' म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचा, आणि मी तर लग्नाआधीच महाडला क्लास लावून डीटीपी शिकले होते... त्या दिवशी घरी आल्यावर सुहासला म्हटलं, मी लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिही. पण जरा सांभाळून." सांभाळून म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही.

अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. हाताखालचे लोक आळशी, वरचे मूर्ख आणि शेजारचे अडाणी, अशी त्यांनी जगाची विभागणी करून ठेवली होती आणि निवृत्तीनंतरही ती बदलायची त्यांना गरज वाटली नाही. मी पोलादपूरची. पोलादपूर म्हणजे एस.टी. चहाला थांबते ते गाव, एवढीच त्यांच्या लेखी माझ्या माहेराची ओळख. पाहुण्यांपुढे ते मला 'आमची पोलादपूरवाली' म्हणत. सुरुवातीला मला ते कौतुक वाटलं होतं. सासूबाई, म्हणजे आई, तुडीलच्या. नदीकाठच्या घरातल्या, हसऱ्या. त्या आमच्या लग्नाच्या वेळेपर्यंत अप्पांसमोर हसायच्या बंद झाल्या होत्या.

घरातला पहिला कॉम्प्युटर अप्पांचा. मुंबईच्या जावयाने ऑफिसातला जुना दिला, सोबत जाड वायरीचा लेझर प्रिंटर. दोन्ही अप्पांच्या खोलीत विराजमान झाले. माझा कॉम्प्युटर नंतरचा, लग्नपत्रिका टाइप करून साठवलेल्या पैशांतून घेतलेला, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मी आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, पत्रिका, निकालपत्रकं करत असे. पण छापायचं तर फ्लॉपी घेऊन अप्पांच्या दाराशी उभं राहावं लागे. ते कधी 'थांब' म्हणत, कधी काहीच म्हणत नसत. फ्लॉपी घातली की माझे फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसल्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. अप्पा ती निवांत वाचल्यासारखी करत आणि म्हणत, "हे पोलादपूरचं मराठी का?" हा विनोद त्यांनी किती वेळा केला, त्याचा मी हिशोब ठेवला नाही. मी पुन्हा फॉन्ट टाकायची, ते ते पुन्हा काढून टाकायचे. कॉम्प्युटर जड होतो म्हणे.

मग मी इम्रानभाईंना बोलावलं. ते आमच्या महाडचेच. शारजात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळून परत आले होते आणि गावात दुरुस्तीची कामं करत. त्यांनी व्हेंटिलेटरमधून निळी वायर ओढली, मध्ये दोन्ही वायरी जोडणारी एक छोटी डबी, हब, बसवली. तरी दोन्ही मशीन एकमेकांना दिसेनात. अप्पांचं मशीन जुन्या विंडोजचं, माझं नव्या. मी म्हटलं, वायर तर जोडली आहे. इम्रानभाई हसले. "भाभी, वायर जोडून काय होतंय? याचा मोहल्ला वेगला, त्याचा वेगला. दोघांना एकच नाव द्यायला लागेल, मग वळखतील." त्यांनी दोन्हीकडे गटाचं नाव एकच टाकलं, प्रिंटर शेअर केला, आणि मी माझ्या खोलीतून बटण दाबल्यावर पलीकडच्या खोलीत कागद सरकल्याचा आवाज आला. माझी अक्षरं, माझ्या फॉन्टमध्ये, जशीच्या तशी. मी दारात उभी राहून ते पान बघत राहिले. अप्पा म्हणाले, "कागद माझा आहे."

त्याच दिवशी अप्पांनी इम्रानभाईंचा चहा काचेच्या ग्लासातून द्यायला सांगितला. आम्ही बाकीचे कपातून प्यायलो. इम्रानभाईंनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ते गेल्यावर अप्पा म्हणाले, तो ग्लास वेगळा ठेवा. आईंनी तो उचलला, घासला आणि सगळ्या भांड्यांत मिसळून टाकला. दुसऱ्या दिवशी अप्पा त्यातूनच पाणी प्यायले की नाही, मला माहीत नाही. प्यायले असावेत, अशी मला आशा आहे.

नेटवर्क झाल्यावर अप्पांनी एक अट घातली. माझ्या कामाचा फोल्डर त्यांना उघडून बघता आला पाहिजे. त्यांच्या फोल्डरला मात्र पासवर्ड. मला लपवायचं काही नव्हतं. मी फोल्डर शेअर केला आणि इम्रानभाईंनी विचारलं तेव्हा बदल करण्याची मुभाही दिली, कारण तेव्हा मला त्याचा नीट अर्थ कळला नव्हता. सांगायचा मुद्दा असा, की माझा कॉम्प्युटर सुरू असला की अप्पा आपल्या खुर्चीत बसून माझ्या टेबलावरच्या कागदांत हात घालू शकत होते आणि मला ते दिसतही नव्हतं.

शिवथरच्या बाजूच्या एका शाळेचं पाचवीच्या मराठीच्या परीक्षेचं काम माझ्याकडे होतं. मी पेपर टाइप केला, दोनदा तपासला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईने छापून, पाकीट बंद करून शाळेच्या माणसाच्या हाती दिला. परीक्षेनंतर तिथले हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, स्वतः आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. "बाई, हे मी दिलं होतं का?" मी बघितलं. धड्यावरचे दोन सोपे प्रश्न गायब होते आणि त्यांच्या जागी 'बहुव्रीही समासाची उदाहरणे देऊन विग्रह करा' असं होतं. पाचवीच्या मुलांना. गुरुजी म्हणाले, "पोरं रडकुंडीला आली. एक पोरगी तर विचारते, गुरुजी, हे कुठल्या धड्यातलं हाय? मी काय सांगू तिला?"

आवाज ऐकून अप्पा बाहेर आले. गुरुजींकडे पाहून म्हणाले, "घरच्या बायकांच्या कामाचं असंच असतं. विश्वास ठेवू नये." तोपर्यंत माझ्या सगळं लक्षात आलं होतं. घरात पाचवीच्या मुलांना बहुव्रीही घालणारं दुसरं कोण होतं? मी एवढंच विचारलं, "अप्पा, हा प्रश्न चांगला आहे ना?" त्यांना राहवलं नाही. "अर्थातच. आधीचे प्रश्न बालवाडीचे होते. मीच बदलले. शेवटी पातळी नावाची काही गोष्ट असते की नाही?"

गुरुजींनी पेपर घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "परीक्षा परत घेतो. दुसरा काढून द्या, बाई. मी बसतो इथेच." अप्पा खोलीत गेले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. त्यांचा कॉम्प्युटर बंद म्हणजे प्रिंटर बंद. मी दाराशी जाऊन सांगितलं, गुरुजी थांबलेत. आतून उत्तर आलं, "मशीनला विश्रांती लागते." मी फ्लॉपी घेऊन उन्हातून बाजारपेठेत गेले, एका झेरॉक्सच्या दुकानात पेपर छापला आणि गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडून पाणी घेतलं, चांगलं बोलले. पण त्या शाळेचं काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्या घरात असा माणूस बसलेला आहे, तिथे मुलांचे पेपर कोण पाठवील?

त्यानंतर मी स्वतःचा प्रिंटर घेतला. इम्रानभाई परत आले. या वेळी त्यांचा चहा मीच केला आणि सगळ्यांसाठी कपच काढले. अप्पांनी ते बघितलं. इम्रानभाईंनी माझ्या फोल्डरवरची मुभा काढून टाकली. आता अप्पांना बघता येईल, पण हात लावता येणार नाही. पुढे काही महिन्यांत अप्पांचा प्रिंटर बिघडला. मुंबईच्या जावयाने नवा दिला नाही. इम्रानभाईंनी मला हळूच विचारलं, "भाभी, यांच्या मशीनला तुमच्या प्रिंटरचा रस्ता द्यायचा का? नाय म्हनलात तरी कोनाला कलनार नाय." मी म्हटलं, "द्या." यात चांगुलपणा वगैरे नव्हता. अप्पांना दाराशी उभं करायचं, कागद अडवायचा, 'थांब' म्हणायचं, हे सगळं मला सहज जमलं असतं. पण तसं करताना मला त्यांच्यासारखं व्हावं लागलं असतं, आणि त्याची मला किळस होती.

मग पुढची तीन-चार वर्षं त्यांची पानं माझ्या खोलीत येत राहिली. अप्पांनी प्रिंटर वापरू का, असं एकदाही विचारलं नाही. काम करता करता माझ्या शेजारी अचानक कागद सरकू लागे आणि पलीकडून प्रश्न येई, "आलं का?" मी नेऊन देई. ते कागद उलटसुलट बघत आणि खाली ठेवत. ती सगळी तक्रारींची पत्रं असत. नगरपालिकेला, वर्तमानपत्रांना, नातेवाइकांना. वीर स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षावाल्यांना बोलायची रीत नाही. अमक्याच्या मुंजीत जेवण वेळेवर वाढलं नाही. सुहासच्या मामेभावाने पत्रिकेत अप्पांचं नाव तिसरं घातलं... मी ती वाचायची. अख्ख्या जगाला मूर्ख ठरवणाऱ्या माणसाला इतकं क्षुल्लक काहीतरी इतकं लागतं, हे मला आधी माहीत नव्हतं. लोकांना वाटतं, अशा वेळी मनात माया उत्पन्न होते. माझ्या मनात झाली नाही. मला त्यांची कीवही आली नाही. फक्त इतका वेळ आणि इतका चांगला कागद वाया जातो, याचं वाईट वाटे.

शोकसभेनंतर मी त्या सहकाऱ्यांना गाठून विचारलं, हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं? ते गोंधळले. म्हणाले, "अहो, ते स्वतःच सांगायचे ना. कट्ट्यावर रोज. आमच्या सुनेसारखं काम रायगड जिल्ह्यात कोणी करत नाही, मी घडवलंय तिला, म्हणायचे. तुमच्या पत्रिका खिशात घालून आणायचे दाखवायला." म्हणजे बाहेर माझं कौतुक होत होतं, फक्त ते त्यांनी आपल्या नावावर घेतलं होतं. मी घरी येताना रस्ताभर विचार करत होते, की हे ऐकून बरं वाटावं की संताप यावा. संतापच आला, अजूनही येतो. एक वाक्य होतं. ते कट्ट्यावर रोज बोलता येत होतं आणि दोन खोल्या ओलांडून एकदा बोलता आलं नाही.

मागच्या आठवड्यात मुंबईहून नणंद आली. अप्पांच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. त्या खोलीची पश्चिमेची खिडकी इतकी वर्षं बंद होती, पडदा ओढलेला, कारण कॉम्प्युटरला धूळ आणि ऊन चालत नाही. आता ती उघडी होती. कॉम्प्युटर एका बाजूला चादर घालून ठेवला होता आणि अप्पांच्या टेबलावर, खाली सतरंजीवर, खाटेवर, जिथे जागा मिळेल तिथे आईंनी आमसुलं वाळत घातली होती. सगळी खोली तांबडीलाल आणि आंबट वासाने भरलेली. आई खाली मांडी घालून एकेक सोल उलटं करत होत्या. नणंद म्हणाली, "आई, अगं अप्पांची खोली आहे ही."

आईंनी मान वर केली नाही. "हाय ना. ऊन हितंच चांगलं येतं गो," त्या म्हणाल्या. "मला लग्न झाल्यापासून म्हाईत हाय."

नणंदेने पर्स दाराशी ठेवली, साडी खोचली आणि खाली बसून आईंच्या बरोबर आमसुलं उलटायला लागली. बसायला अप्पांची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर आम्ही कोणीच बसलो नाही.