तांदळाच्या पिंपावरची पांढरी तबकडी

बावीस वर्षं मी जिला तांदळाच्या पिंपाचं झाकण समजून वापरलं, ती समुद्राच्या पाण्याचा नितळपणा मोजायची तबकडी होती. तिचं नाव सेक्की डिस्क. आमच्या नातीच्या, समताच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती शोधताना आमच्या ह्यांनी दिल्लीतल्या द्वारकेचं सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी स्वयंपाकघरात आले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"प्रभा, हिच्यावर तू तांदूळ निवडतेस?"

"कधी कधी कणीकही मळते," मी म्हटलं.

हे, म्हणजे बबनराव, यवतमाळकडचे. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता आणि नोकरी लागली ती थेट संशोधनाच्या जहाजावर. तारेला बाटल्या बांधून खोल सोडायच्या, वरून लोखंडी वजन घरंगळत सोडायचं. ते आपटलं की बाटली उलटी होऊन त्या खोलीचं पाणी आणि तापमान धरून ठेवायची. जहाज बंदराला लागलं की यांचं पत्र यायचं. त्यात माझी चौकशी दोन ओळी आणि बाकी सगळं पाण्याचं. 'आज लक्षद्वीपजवळ तबकडी चौतीस मीटरपर्यंत दिसली.' सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये तान्ह्या मुलाला, प्रफुल्लला मांडीवर घेऊन मी ते वाचायची. आता तरंगती यंत्रं स्वतः बुडी मारतात, वर येऊन उपग्रहाला सांगतात. ह्यांना त्याचं कौतुकच वाटतं.

पण गेलं वर्षभर एक कुरकुर चालली होती. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता आणि हे ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. "जहाजावर तबकडी शेवटपर्यंत मलाच दिसायची. दिल्लीची हवाच धुरकट, डोळ्यांना काय झालंय!" दोनदा रस्ता ओलांडताना रिक्षा अंगावर आली, तरी तेच.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली आणि हे, समता आणि मी असे आम्ही तिघं सेक्टरातल्या तळ्यावर गेलो. दोरी बांधलेली तबकडी सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी पाण्याच्या रेषेशी चिमटीत धरायची, माझ्या शिवणाच्या टेपने मोजायची.

"आपापल्या चिठ्ठीवर, पेन्सिलीनं. शाई पाण्यानं पसरते," हे समताला म्हणाले. "एकमेकांना सांगायचं नाही. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यानं बघायचं. कुणाला चूक म्हणायचं नाही."

आधी ह्यांनी पाहिलं, मग समतानं. चिठ्ठ्या उघडल्या. यांचे बेचाळीस सेंटिमीटर, तिचे एक्क्याऐंशी.

"तुझं चुकलंय."

"आबा, ये तो चीटिंग है! आत्ताच म्हणालात, चूक नाही म्हणायचं."

 ह्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "प्रभा, तू बघ."

मी कट्ट्यावर गुडघे टेकले. तबकडी खाली गेली, हिरवट झाली, पुसट झाली, गेली. मोजली तर अठ्ठ्याहत्तर. हे पाठमोरे उभे होते, मान ताठ. जहाजावरून घरी आले की दारात असेच अवघडून उभे राहायचे. पेन्सिल हातात घेऊन मला वाटलं, पंचेचाळीस लिहावं, कुणाला कळणार आहे? पण तासाभरापूर्वीच पंचशील म्हटलं होतं, खोटं बोलणार नाही म्हणून. अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

ह्यांनी माझी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ. मग समताची वही मागितली आणि तिन्ही आकडे एकाखाली एक उतरवले. स्वतःचा खोडला नाही. फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'पहिल्या निरीक्षकाचे उपकरण दुरुस्तीला पाठवणे.'

"आबा, कोणतं उपकरण?" समतानं विचारलं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रफुल्लला सांग, डॉक्टरांची तारीख घे म्हणावं." मग माझ्याकडे वळून, "आणि प्रदर्शन झालं की ही तबकडी माझ्या कपाटात. पिंपाला ताट शोध दुसरं."