दोन घुमटांच्या मधली जागा

मोगल काळातल्या त्या मशिदीचा मधला घुमट बाहेरून चांगला उंच, आतून मात्र बुटका. कारण तिथे एकात एक असे दोन घुमट आहेत: बाहेरचा लांबून दिसावा म्हणून, आतला खालच्या दालनाला बेताचा दिसावा म्हणून. मधे अंधारी पोकळी. तिथे रांगत जाणारा माणूस शहरात एकच, चुन्याचं काम करणारा म्हातारा गवंडी. त्याच्या आजोबांपासून डागडुजी त्यांच्याच घराकडे.

यंदा आतला घुमट गळू लागला. मशिदीच्या देखभालीवरच्या इंजिनिअरसाहेबांनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर बाहेरून सिमेंटचा थर.

"साहेब, चुना श्वास घेतो. सिमेंट त्याचं नाक दाबतं," गवंडी म्हणाला. "आमच्या घरानं इथे चिमूटभर सिमेंट लावलेलं नाही."

"मग शोधून दाखवा."

तीन दिवस तो पोकळीत ठोकत, चाचपत फिरला. पोकळीत शिरायच्या झडपेशी, त्याच्या कमरेचा दोर धरून, त्याची मुलगी बसायची. तीही त्याच्याच हाताखाली गवंडी झालेली.

"बाबा, पोट अडकलं तर सांगा. तिसरा घुमट म्हणून नोंद करू."

"दोर धर. तोंड नंतर चालव."

गुरुवारी दुपारी हातोडीचा आवाज बदलला. चुना बद्द वाजतो. हे टणक वाजलं. विजेरीच्या उजेडात वीतभर रुंद करडी पट्टी दिसली. बाहेरच्या घुमटाच्या भेगेत आतून सिमेंट भरलेलं. त्याच्यामागे पाणी कोंडत होतं आणि कडेनं वाट काढून खाली उतरत होतं.

पट्टीवर पंजाचा ठसा होता. करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

गवंड्यानं तो ठसा ओळखला. छिन्नी हातातच होती. अर्ध्या तासात पट्टी उडवली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"बाबा? काय झालं?"

"साहेबांना वर बोलाव."

"ते रांगतील?"

"रांगतील. सिमेंट काय करतं ते दाखवतो म्हणावं."

साहेब रांगत आले. पट्टीशेजारचा चुना त्यांनी नखानं खरवडला. भिजलेल्या बिस्किटासारखा तो हातात आला.

"कुणाचं काम हे?"

"माझ्या वडिलांचं. पेर त्यांचंच तुटलेलं. आमच्या घराबद्दल बोललो ते खोटं निघालं, साहेब. चुन्याबद्दल बोललो ते खरं. दोन्ही लिहा."

साहेबांनी बोटांवरचा चुना झटकला. मग म्हणाले, "चुन्यानं करायला किती दिवस?"

"वीस."

"घ्या."

गवंड्यानं कडेपासून पट्टी फोडायला घेतली. ठसा शेवटी उरला.

"तेवढा राहू द्यायचा का?" मुलीनं हळूच विचारलं.

"गळेल," तो म्हणाला, आणि त्यानं छिन्नी टेकवली.