ऑपरेटर शकूमावशी

शकूमावशीची एक सवय नवख्या माणसाला गोंधळात टाकायची. समोरचा बोलायला लागला की ती डोळे मिटून घ्यायची. मी पहिल्यांदा तिच्याकडे काम घेऊन गेले, तेव्हा मला वाटलं, बाई दमून आलीय, डोळा लागला. मी बोलायची थांबले, तर डोळे न उघडताच म्हणाली, "थांबलीस का? ऐकतेय मी. डोळे उघडे असले की कान आळशी होतात."

शकुंतला जाधव तिचं नाव. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत अगदी शेवटची खोली तिची. नवरा फार लवकर गेला, पदरात प्रतिभा नावाची शाळकरी मुलगी. शकूमावशी अंबरनाथच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. चाळीत तेव्हा एकाच्याही घरी फोन नव्हता, त्यामुळे दिवसभर फोनवर बोलण्याचा पगार घेणारी बाई म्हणून तिचा दबदबा होता. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. भाजीवाल्यालाही ती "नमस्कार, बोला" म्हणायची. तो बिचारा गोंधळून स्वतःच भाव कमी करायचा.

मी बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं, नव्वदीची सुरुवात होती. अंबरनाथला एका शाळेच्या मैदानात रोजगार मेळावा भरणार असल्याची बातमी आली. आसपासच्या कंपन्या तिथेच मुलाखती घेणार होत्या. माझ्या वडिलांनी तोवर गावाकडचं एक स्थळ जवळजवळ नक्की केलं होतं. आईने बरीच मनधरणी केल्यावर ते एवढंच म्हणाले की, मेळाव्यात काही जमलं तर बघू, नाहीतर उन्हाळ्यात बार उडवून टाकू. म्हणजे माझ्या हातात तो एक मेळावाच होता. आई मला घेऊन तडक शेवटच्या खोलीकडे गेली आणि म्हणाली, "जयभीम शकू. हिला बोलायला शिकव. घरात पोपटासारखी बोलते, बाहेर गेली की दातखीळ बसते."

दुसऱ्या दिवशी मी वीणालाही नेलं. वीणा माझी कॉलेजची मैत्रीण, जवळच्या कॅम्प पाच या सिंधी वस्तीतली. बोलायला घाबरायची नाही, पण इतकं भराभर बोलायची आणि मराठीत इतकं हिंदी मिसळायची की ऐकणाऱ्याला धाप लागावी. मावशीने डोळे मिटून आम्हा दोघींना ऐकलं आणि निदान केलं: एकीला बद्धकोष्ठ, दुसरीला जुलाब.

मग रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. मावशी कामावरून आली की चहा ठेवायची आणि आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायची. ती मागून प्रश्न विचारणार, आम्ही भिंतीला उत्तर द्यायचं. तिचं म्हणणं, साहेबाचा चेहरा बघून घाबरायला होतं, आधी आवाजाला तर तयार करा. मी प्रत्येक वाक्याची सुरुवात 'म्हणजे' म्हणून करायची. ती म्हणायची, "अजून काहीच सांगितलं नाहीस, तर म्हणजे काय म्हणजे?" वाक्याचा शेवट मी पुटपुटले की म्हणायची, "शब्द गिळू नकोस, जेवायला घरी मिळतं ना?" वीणाला सांगायची, "बाळा, समोरच्याला श्वास घेऊ दे, तुझा तू नाही घेतलास तरी चालेल." वीणा हसून म्हणायची, "मौसी, मैं क्या करू, माझं तोंड असंच आहे." पण हळूहळू तिचीही गाडी रुळावर आली.

कपड्यांचाही विचार झाला. माझ्याकडे एकच बरा पंजाबी ड्रेस होता, तो भडक गुलाबी. मावशीने स्वतःची फिकट निळी साडी काढली, निऱ्या घालायला शिकवलं आणि ती नेसून चाळीच्या व्हरांड्यातून फेऱ्या मारायला लावल्या. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी शरमेने अर्धी झाले. मावशी म्हणाली की आजच काय लाजायचं ते लाजून घे, मेळाव्याच्या दिवशी शिल्लक ठेवू नकोस.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात मोठा मांडव घातला होता. प्रत्येक कंपनीचं टेबल वेगळं आणि समोर रांग. एका कंपनीला टेलिफोन ऑपरेटर हवी होती. मावशीने इतकं शिकवलं होतं की मी त्याच रांगेत जाऊन उभी राहिले. वीणा दुसरीकडे गेली. रांग पुढे सरकत होती. मी सहज मागे वळून पाहिलं, तर चार-पाच बायका सोडून शकूमावशी उभी होती. हातात फाइल, अंगावर इस्त्रीची साडी.

मला आधी वाटलं, माझ्यासाठी आली असेल. पण फाइल घेऊन रांगेत कोण कशाला उभं राहील? माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिने वाचला. रांग सोडून ती माझ्याजवळ आली नाही, तिथूनच शांतपणे म्हणाली, "पुढे बघ, सुनंदा. आता माझा विचार करायचा नाही."

माझा नंबर आला. टेबलामागे दोन पुरुष आणि एक बाई होती. मी काय बोलले ते आज आठवत नाही, पण 'म्हणजे' आलं नाही आणि शब्द गिळले नाहीत, एवढं नक्की. उठल्यावर माझा पाय निघेना. मी मांडवाच्या खांबाशी थांबले.

मावशी खुर्चीत बसली. तिचे कागद चाळून त्यातल्या एका साहेबांनी विचारलं की नोकरी असताना इथे कशाला आलात. ती म्हणाली की आमच्याकडे फोन जोडायचा नवीन ऑटोमॅटिक बोर्ड बसतोय, मार्चनंतर ऑपरेटर लागणार नाही. कंपनीने दिवाळीतच तिला हे सांगितलं होतं. चाळीत तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. साहेबांनी वय विचारलं. तिने त्रेचाळीस सांगितलं. ते म्हणाले की आम्हाला तिशीच्या आतली मुलगी हवी.

"साहेब," मावशी म्हणाली, "वय फोनवर दिसत नाही."

तिघेही हसले, पण कुचेष्टेने नाही. टेबलामागच्या बाईने जरा अजिजीने सांगितलं की नियम वरून आलाय, आमच्या हातात नाही. मावशीने आभार मानले, कागद नीट फाइलमध्ये लावले, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि निघून गेली.

पंधरवड्याने मला त्या कंपनीतून बोलावणं आलं. वडिलांनी स्थळाकडे तूर्तास नाही म्हणून कळवलं. आई पेढे घेऊन निघाली, पण मला शेवटच्या खोलीपर्यंत जाववेना. शेवटी मावशीच आमच्या दारात आली. हातात खडू होता. माझ्यासमोर फरशीवर बसून तिने बोर्डाच्या ओळी आखल्या, कुठली तार कुठे जाते ते सांगितलं आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मला त्या खडूच्या बोर्डावर फोन जोडायला लावले. मेळाव्यातलं एक अक्षर ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये तिची नोकरी गेली. सहा-सात महिने तिने घरी साड्यांचं फॉल-बिडिंग केलं, मग बदलापूरच्या एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर काम मिळालं. प्रतिभाला घेऊन ती तिथल्याच शिरगावात राहायला गेली. वीणा लग्न होऊन पुण्याला गेली. मी दर दिवाळीत शिरगावला जायची. मावशीचे केस पिकले, दम लागायला लागला, पण आवाज तसाच स्वच्छ राहिला.

ती वारली त्याच्या आदल्या दिवाळीत मी तिला विचारलं. त्याच मेळाव्यात रांगेत उभं राहायचं तुझं ठरलं होतं, मग आम्हाला का शिकवत बसलीस?

ती म्हणाली, "एकदा ठरवलं होतं, नाही शिकवायचं. त्या संध्याकाळी दाराला कडी लावून आत बसले. तुम्ही दोघींनी कितीतरी वेळ दार वाजवलं. मी म्हटलं, वाजवू दे. थकतील आणि जातील."

मला ती संध्याकाळ अंधुक आठवली. आम्हाला वाटलं होतं, मावशी आज उशिरा येणार.

"पण गेला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "पायरीवर बसलात आणि एकमेकींनाच प्रश्न विचारायला लागलात. वीणा साहेब झाली, तू उत्तरं देत होतीस. इतकं चुकीचं बोलत होतीस गं. सगळं चुकीचं. मी आतून ऐकत होते."

"मग?"

"मग काय," शकूमावशी म्हणाली, "ऐकवेना मला. उठले आणि कडी काढली."