फिरवून मोजलेला तारा

बंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यांनी केलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, मोजायचा, आणि फिरवून पुन्हा मोजायचा. एका बाजूने बरोबर भरलेला गोल जॉब फिरवला की लांबट निघतो, पितळ उघडं पडतं. ऑपरेटर मनातल्या मनात मला शिव्या घालायचे. घालू देत! माझी सही असलेला जॉब कधी परत आला नाही.

रिटायर झाल्यावर डोळ्यांना काम हवं होतं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एक दुर्बीण इंटरनेटवरून भाड्याने मिळते. तिथे रात्र तेव्हा आपल्याकडे दिवस, म्हणून माझं आकाशदर्शन राजाजीनगरच्या घरात, उपीट खाऊन झाल्यावर. देवयानी दीर्घिकेचा जुना फोटो आणि आजचा फोटो लॅपटॉपवर आलटूनपालटून बघायचे. जुन्यात नसलेला ठिपका नव्यात दिसला, तर तो नोव्हा असू शकतो, म्हणजे एकाएकी भडकलेला तारा.

गेल्या वर्षी असा ठिपका दिसला आणि मी, चक्क मी, हुरळून जाऊन हौशी मंडळींच्या ग्रुपवर जाहीर करून बसलो. निघाला कॅमेऱ्यातला दोष. "अण्णा, चष्मा स्वल्प पुसा," असं एकाने लिहिलं. तीस वर्षांची अब्रू एका ठिपक्याने घालवली. महिनाभर मी ग्रुप उघडला नाही.

यंदा पुन्हा एक दिसला. जो पहिल्यांदा कळवेल, शोध त्याच्या नावावर. माझे हात शिवशिवत होते. शेजारी बायको शेंगा सोलत होती.

"फिरवून मोजलात का?" तिने विचारलं.

"तारा म्हणजे काय लेथवरचा जॉब आहे?" मी खेकसलो. पण मनात चरकलो. दुर्बीण जराशी सरकवून दुसरा फोटो घ्यायला हवा होता. कॅमेऱ्यातला दोष जागचा हलत नाही, खरा तारा आजूबाजूच्या ताऱ्यांबरोबर सरकतो. तोवर तिकडे उजाडलं होतं. आता थेट उद्या! उरलेला दिवस जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. ठिपका शेजाऱ्यांसकट सरकला होता. खरा होता, खरा! मी एवढ्यांदा ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या अक्का धावत खाली आल्या.

कळवण्याआधी नव्या शोधांची जागतिक यादी पाहिली. परदेशातल्या कुणीतरी आदल्या संध्याकाळीच कळवला होता. एकाच फोटोवर. पुढे शेरा होता: संशयास्पद, खात्री व्हायची आहे.

"तुझ्यामुळे गेला माझा तारा!" मी बायकोवर भडकलो. शेवटी तसाच चडफडत माझे दोन्ही फोटो पाठवून दिले.

संध्याकाळी यादीतला तो 'संशयास्पद' शेरा काढून टाकला गेला. शोध त्या माणसाच्या नावावर लागला. खाली बारीक अक्षरात, खात्री करणारा म्हणून माझं नाव.

"बघ, खाली आहे," मी म्हटलं.

"कारखान्यात तरी वर कधी होतं?" ती म्हणाली. "करणाऱ्याचं वर, तुमचं खाली. पण तुमच्या सहीशिवाय एक तरी जॉब गेटबाहेर गेला का हो?"

नाही गेला. तीस वर्षांत एकही नाही.

मग मी फोटोची प्रिंट काढली, चष्मा पुसला आणि खालच्या कोपऱ्यात तारीख घालून झोकात सही ठोकली.