पत्र्याखालचं फायबर

दुपारचे दोन वाजून गेले होते आणि स्क्रीनवरची पल्स जागची हलत नव्हती.

पल्स म्हणजे फायबरमधून सोडलेला प्रकाशाचा अगदी छोटा झोत. पंप म्हणजे समोरच्या टोकातून सोडलेला दुसरा, जोरदार लेझर. पंप लावला की पल्स वीसेक नॅनोसेकंद उशिरा यायला हवी. सकाळी येत होती. आता पंप लावला काय, न लावला काय, सारखंच.

माझ्या मागे सहा पाहुणे बसले होते. नागावजवळचं आमचं छोटं केंद्र पुढे चालणार की नाही, हे ते ठरवणार होते.

"काय झालं?" डायरेक्टरांनी विचारलं.

"एक मिनिट, सर."

प्रकाश हळू करायचा कशाला? मांडव्याच्या जेट्टीला एक बोट लागलेली असली की दुसरीला बाहेर थांबावं लागतं. दोन सिग्नल एकाच वेळी आले तर त्यातल्या एकालाही तसंच थांबवावं लागतं. पल्स आणि पंप फायबरच्या काचेत समोरासमोर भेटले की काचेत एक बारीक ध्वनिलहर उठते, आणि तिच्यामुळे पल्स रेंगाळते. अट एकच. दोघांच्या फ्रीक्वेन्सीतला फरक काचेच्या सुराशी, म्हणजे त्या ध्वनिलहरीच्या फ्रीक्वेन्सीशी, जुळला पाहिजे. आणि काच तापली की तिचा सूर चढतो.

हे मीच दामोदरला शिकवलं होतं. दामोदर आमचा टेक्निशियन. चाळिशीचा, कोळीवाड्यातला, कंत्राटी. घरी वाळत घातलेली मासळी तळहाताने चाचपून बघायची सवय. फायबर गुंडाळलेल्या रिळाला, स्पूललाही तो तसाच हात लावायचा.

त्या सकाळी एसी खोलीत खुर्च्या मावेनात, म्हणून मी स्पूल बाहेर पत्र्याच्या पडवीत ठेवायला सांगितलं.

"साहेब, दुपारी पत्रा तापंल."

"डेमो अकराला आहे, दामोदर. तोवर काही होत नाही."

पाहुण्यांची बोट उशिरा आली. मग जेवणं झाली. मग दोन वाजले.

दामोदर पडवीतून आत आला आणि माझ्या कानाशी वाकला. "स्पूल भाजतंय, साहेब. काचेचा सूर चढलाय, पंपाची फ्रीक्वेन्सी जरा वर घ्या."

पंपाच्या फ्रीक्वेन्सीच्या नॉबला अर्धा फेरा, एवढंच काम होतं. पण सहा जणांसमोर मला टेक्निशियन सांगणार?

"नंतर," मी म्हणालो, आणि तो नॉब सोडून बाकी सगळं हलवून बघितलं. वायर काढली, लावली. स्क्रीन बंद केली, चालू केली.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. डायरेक्टर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "नक्की काय आहे?"

"कनेक्टर," मी म्हणालो. "नीट साफ झालेला दिसत नाही."

दोन फायबर जिथे जोडतात तो कनेक्टर. धुळीचा एक कणही तिथे चालत नाही. आणि सफाई दामोदरकडे होती.

 दामोदर डायरेक्टरांना म्हणाला, "साहेब, रजिस्टर बघा."

रजिस्टर कोणी बघितलं नाही. आमच्याकडे नियम होता : एकाने कनेक्टर साफ करायचा, दुसऱ्याने मायक्रोस्कोपखाली तपासायचा, दोघांनी सही करायची. त्या दिवशीची दुसरी सही माझी होती. शेरा : स्वच्छ.

पाहुणे गेल्यावर मी नॉब अर्धा फेरा फिरवला. पल्स सरकली. मी मशीन बंद केलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'कनेक्टर अस्वच्छ'. दामोदरला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. पुढे डेमो पुन्हा झाला, केंद्र चालू राहिलं, मला बढती मिळाली. त्याला कुठल्याच लॅबने घेतलं नाही. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

निवृत्तीनंतर रजिस्टरचं ते पान डोक्यातून जाईना. शेवटी त्याची झेरॉक्स घेऊन मी दामोदरच्या दारात गेलो. तो इंजिनाशी बसला होता. हात पुसून त्याने कागद वाचला.

"मला तवाच म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"रजिस्टर बघा, म्हनलो न्हाय का?" मग जरा हसला. "उजेडाला इतुकसं थांबवायला तुमची केवढी मशिनं. तुम्ही मातुर इतकी वर्सं बिनपंपाचे थांबलात, साहेब."

मी केंद्राला पत्र लिहिलं. बिघाडाचं कारण तापमान, चूक माझी. त्यांनी रिपोर्ट दुरुस्त करून प्रत पाठवली, ती दामोदरला नेऊन दिली. त्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"तापमान लिवलंय. बराबर हाय." आणि तो इंजिनाकडे वळला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

माप बिघडलं तर आधी स्पूलला हात लावून बघावा. आणि दोष दुसऱ्यावर ढकलण्याआधी खालची सही कोणाची आहे तेही बघावं.